चकतीचा रंग

ज्या माणसाने हे कोल्ड स्टोरेज विटेवर वीट ठेवून उभं केलं, त्यालाच मी भर अंगणात सुनावलं, की आजपासून मशीनरूममध्ये पाय ठेवायचा नाही. तो माणूस म्हणजे माझे बाबा. हमाल ऐकत होते, मशीनचा मिस्त्री ऐकत होता, माझा धाकटा भाऊ ऐकत होता. मी मागचापुढचा विचार केला नाही. रागाच्या भरात मी तो कधीच करत नाही, आणि हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे कोणी मध्ये पडलं नाही.

बाबांनी विचारलं, "किती दिवस?"

"बटाटे सुधारेपर्यंत," मी म्हणाले. "सुधारले तर बघू. नाही सुधारले तर प्रश्नच मिटला."

त्यांनी मान हलवली आणि ते घराकडे चालू लागले. घर काय, आवार ओलांडलं की समोरच. पण त्या दिवशी तेवढं अंतर कापायला त्यांना फार वेळ लागला. मी पाठ फिरवून उभी राहिले. बघत राहिले असते तर राग उतरला असता, आणि मला तो उतरू द्यायचा नव्हता.

झालं होतं ते असं. आमच्या स्टोरेजमध्ये दोन मोठ्या खोल्या आहेत. डावीकडच्या खोलीत भाजीचा बटाटा राहतो, तिथे चार अंशांची थंडी. बाबांनी जन्मभर तेवढंच केलं आणि झकास केलं. उजवीकडची खोली माझी. कारभार माझ्याकडे आल्यावर मी चिप्सच्या कारखान्याशी बोलणी केली आणि धाकट्याने आपल्या सगळ्या शेतात त्यांना हवा तो बटाटा लावला. आम्हा बहीणभावांची ही पहिली एकत्र उडी. त्याआधी काही वर्षं आम्ही एकमेकांचं तोंडही बघत नव्हतो. कारण सांगत बसत नाही, भावंडांना भांडायला कारण लागतं कुठे. आई गेल्यावर बाबांनीच कधी त्याची, कधी माझी समजूत काढत आम्हाला एका टेबलाशी आणून बसवलं. त्या वर्षीचं त्याचं सगळं पीक, एकूण एक बटाटा, त्या उजव्या खोलीत होता.

चिप्सचा बटाटा नऊ-दहा अंशांवर ठेवायचा असतो. त्याहून गार झाला की तो गोड होतो, आणि गोड बटाट्याची चकती तेलात टाकली की करपल्यासारखी तपकिरी होते. कारखाना तसला माल दारातही उभा करत नाही. तो बटाटा खायला काही वाईट नसतो, पण पांढऱ्याशुभ्र पिशवीत तपकिरी चिप्स बघून गिऱ्हाईक नाक मुरडतं.

हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलेलं नाही. मी लहान असताना गुडघा फोडून आले की बाबा आयोडीनची बाटली काढायचे. एक थेंब माझ्या गुडघ्यावर आणि एक थेंब कापलेल्या बटाट्यावर. बटाटा निळाकाळा व्हायचा आणि माझं रडणं थांबायचं. तो काळा रंग म्हणजे स्टार्च, ते सांगायचे. झाडाचं पान उन्हात साखर बनवतं, पण दिवसभरात बनलेली सगळी साखर काही त्याला लगेच लागत नाही. मग उरलेली साखर ते स्टार्चच्या रूपात बांधून ठेवतं. अंधार पडला की ते गाठोडं सोडतं, परत साखर करतं आणि देठातून खाली धाडतं. जमिनीतला बटाटा ती साखर घेतो आणि पुन्हा स्टार्च करून पोटात भरतो. पुढल्या कोंबाची ती शिदोरी. बाबांच्या बोलण्यात बटाटा नेहमी शेजारच्या घरातल्या माणसासारखा असायचा. बटाट्याला थंडी वाजते, ते म्हणायचे. गोठून मरू म्हणून तो घाबरतो आणि शिदोरी मोडायला काढतो, कारण साखरेचं पाणी सहजासहजी गोठत नाही.

तर हे सगळं ज्याने मला शिकवलं, त्याच्याच हाताखाली माझी उजवी खोली गोड झाली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती त्यामुळे.

त्याआधी माझ्या लेकीचं अपेंडिक्स फुटलं होतं. शस्त्रक्रिया झाली, मग पोटात पू झाला, मग पुन्हा शस्त्रक्रिया. मी हॉस्पिटलातच मुक्काम ठोकला. नवरा आलटून पालटून यायचा, पण लेकीला मीच लागायचे. निघताना बाबांना बजावून गेले होते, की बारीकसारीक गोष्टींसाठी फोन करायचा नाही, माझं डोकं ठिकाणावर नाही. तसं बजावायला कारण होतं. कारभार सोडल्यापासून बाबा दिवसातून दहा वेळा माझ्या मागे यायचे. पंखा जरा आवाज करतोय, दाराचं रबर सैल झालंय, अमक्या कोपऱ्यातला बटाटा बघून घे. एकदा मी वैतागून म्हणालेही होते, की डाव्या खोलीत हवं ते करा, पण उजव्या खोलीचं मी बघेन, त्यात पडू नका.

परत आले ती थेट उजव्या खोलीत शिरले. अंगात साधा सुती सदरा होता. आत पाऊल टाकलं आणि हुडहुडी भरली. नऊ-दहा अंशांत हुडहुडी भरत नाही. दाराजवळचा तापमानाचा काटा बघितला, तो चारावर. क्रेटमधले दोन बटाटे घेऊन स्वयंपाकघरात पळाले, चकत्या करून तळल्या. तेलात पडल्या न पडल्या तोच रंग चढायला लागला, आणि कढईतून काढेपर्यंत पार चहाच्या चोथ्यासारख्या झाल्या. एक तोंडात टाकली. गोड. तशीच अंगणात जाऊन सगळ्यांना गोळा केलं.

मिस्त्री म्हणाला, तो मधले काही दिवस गावाला गेला होता. परत आला तेव्हा काटा चारावरच होता, त्याने बाबांना विचारलं, तर बाबा म्हणाले, राहू दे. मी बाबांकडे वळले. धाकटा त्यांच्या शेजारीच उभा होता, चपलेने माती उकरत. त्याचं तोंड उघडलं होतं, पण त्याच्या आधी बाबा बोलले.

"मी केलं. कोंब दिसले, थंडीत थांबतील म्हणून."

पुढचं तुम्हाला माहीत आहे.

आता गोड पडलेला बटाटा परत वळवता येतो, अगदीच येत नाही असं नाही. खोली उबदार करायची, चांगली सोळा-अठरा अंशांपर्यंत, आणि दोन-तीन आठवडे वाट बघायची. बटाट्याची भीती गेली की तो थोडी साखर श्वासाबरोबर जाळून टाकतो आणि उरलेली पुन्हा स्टार्च करून जागेवर ठेवतो. हे ऐकायला सोपं आहे. पण उबेत बटाट्याला कोंब फुटतात, उबेत बटाटा सडतो, आणि एक सडला की शेजारचे चार घेऊन जातो. शिवाय सगळ्याच बटाट्यांची गोडी उतरत नाही. मी कारखान्याच्या माणसाला फोन केला. बटाट्याच्या चकत्या तळून पास-नापास करणं हे त्याचं काम, त्यामुळे आमच्यात सगळे त्याला चकतीवाले म्हणतात. तोंडावर म्हटलं तरी तो चालवून घेतो. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "गोडी थंडीची असेल तर उतरेल. बटाटा म्हातारा झाल्याची असेल तर नाही उतरत. आत्ता दोन्ही सारखीच दिसते." गाड्यांचा दिवस ठरलेला होता, तो बदलता येणार नव्हता. त्या दिवशी तो स्वतः कढई घेऊन येणार होता. चकती फिकट आली तर सगळा माल उचलणार, नाहीतर नमस्कार.

तेव्हापासून माझ्या पायाला जी भिंगरी लागली ती लागलीच. सकाळी उठले की उजवी खोली. काटा बघायचा, हात लावून क्रेट बघायचे, वास घ्यायचा. सडका बटाटा आधी नाकाला कळतो, मग डोळ्याला. मग चार कोपऱ्यांतून चार बटाटे घ्यायचे, चकत्या करायच्या, पाण्यात धुवायच्या, फडक्यावर टिपायच्या आणि तळायच्या. भिंतीवर कारखान्याने दिलेला रंगांचा तक्ता चिकटवला होता. फिकट पिवळ्यापासून काळपट तपकिरीपर्यंत. रोज मी चकती तक्त्याला लावून बघायचे आणि रोज ती खालच्याच बाजूला बसायची. जरा उजेडाकडे धरली की बरी वाटायची, सावलीत आणली की जैसे थे. मग मी मिस्त्रीला बोलवायचे, त्यालाही विचारायचे. तो बिचारा माझ्या तोंडाकडे बघून उत्तर द्यायचा.

जेवायला बसले की मध्येच उठायचे. भाजी चिरताना सुरी ठेवून आवारात यायचे. हमालांशी भांडले, दूधवाल्याशी भांडले, फोनवर नवऱ्याशी भांडले आणि त्याचं काय चुकलं ते मलाही सांगता आलं नाही. लेक अंथरुणातून म्हणाली, आई, तू हॉस्पिटलात बरी होतीस. कोंब तर दिसामासाने वाढत होते. माणसं लावून ते खुडून घ्यावेत, तर हाताळण्याने बटाट्याला ओरखडे आणि ओरखड्यातून सड. न खुडावेत, तर कोंब त्याच शिदोरीवर पोसणार. खोली अठरावर नेली की वाटायचं जास्त झालं, सोळावर आणली की वाटायचं साखर तशीच बसेल. दिवसातून इतक्या वेळा मी त्या बटनाला हात लावला, की मिस्त्रीने शेवटी हात जोडले. म्हणाला, बाई, बटाटा स्थिर बसला तरच स्थिरावेल ना.

आणि समोर घराच्या ओट्यावर बाबा बसलेले असायचे.

पहिले काही दिवस ते सकाळी बूट घालायचे. पन्नास वर्षांची सवय. बूट घालून दारापर्यंत यायचे, थांबायचे, मग खुर्चीत बसून सावकाश काढायचे. नंतर नंतर बूट घालणं बंद झालं. कॉम्प्रेसर सुरू झाला की त्यांची मान तिकडे वळायची, बंद झाला की परत सरळ. मला ते स्टोरेजच्या दारातून दिसायचं. हाक मारावीशी वाटायची, पण लगेच नाकात त्या गोड चकतीचा वास यायचा आणि मी पुन्हा कडक व्हायचे. ते एक अक्षर बोलायचे नाहीत. रंग कसा आला हेही विचारायचे नाहीत. एरवी ज्या माणसाने दिवसातून दहा वेळा माझं डोकं खाल्लं, तो आता मुकाट्याने जेवायचा, ताट उचलून ठेवायचा आणि विचारल्याशिवाय तोंड उघडायचा नाही. सुरुवातीला मला ते बरं वाटलं. खरं सांगते, बरं वाटलं. चला, एक कटकट तरी कमी झाली.

धाकटा मात्र अचानक फार मायाळू झाला. दर दोन दिवसांनी येऊन क्रेट हलवायला मदत करायचा. बाबांसाठी फळं आणायचा, त्यांच्याजवळ बसायचा, आणि दोघंही अंगणाकडे बघत राहायचे. मला वाटलं, पिकाची काळजी. स्वतःचं वर्षभराचं कष्टाचं पीक बापाने बुडवलं आणि तरी हा बापाला फळं सोलून देतो, म्हणजे मुलगा मोठा झाला म्हणायचा. मी चक्क त्याच्याबद्दल अभिमान बाळगला. एकदा तर बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालेही, की त्याच्याकडून शिकावं, इतकं नुकसान होऊन एका शब्दाने बोलला नाही.

एका दुपारी औषध द्यायला लेकीच्या खोलीत गेले, तर आतून बाबांचा आवाज आला. मी दाराशीच थांबले. कितीतरी दिवसांनी ते सलग बोलत होते. लेक अभ्यासातला काहीतरी धडा घेऊन बसली होती आणि ते तिला पानातला स्टार्च समजावून सांगत होते. पान आंधळेपणाने खर्च करत नाही, ते म्हणत होते. सांज झाली की किती साठलंय आणि अजून किती अंधार काढायचा आहे, याचा त्याला अंदाज असतो. त्या बेताने ते हळूहळू मोडत जातं. उजाडेपर्यंत पुरलं पाहिजे, पण उगाच शिल्लकही राहायला नको. लेकीने विचारलं, आणि बटाट्याचं? बटाट्याचं निराळं, ते म्हणाले, तो महिनोन्महिने धरून बसतो, पण फार गार केलं की त्याचा धीर सुटतो. म्हणून चिप्सच्या बटाट्याला चारावर कधी ठेवू नये.

मी आत शिरले. औषधाची बाटली हातातच होती.

"इतकं कळत होतं ना तुम्हाला? मग का केलंत?"

बाबा उठून उभे राहिले, माझ्यासमोर. कसे उभे राहिले ते सांगते. आमचे हमाल माल फोडला की मालकासमोर उभे राहतात ना, तसे. आणि म्हणाले, "चुकलं माझं."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. ज्याला इतकं नेमकं माहीत आहे, तो कोंबांना भिऊन चारावर नेईल कशाला? कोंब रोखायचे शंभर उपाय त्यांना ठाऊक. पण रागावलेल्या माणसाला फक्त रागाला पुरवणी जोडता येते. मी म्हणाले, माहीत असून केलंत म्हणजे जास्तच वाईट, आणि औषध ठेवून निघून गेले.

गाड्यांचा दिवस जवळ आला तसा तक्त्यावरचा रंग वर सरकायला लागला. आधी मला खरं वाटेना. चकतीचा मधला भाग फिकट आणि कडेला तपकिरी पट्टा, मग पट्टा बारीक झाला, मग काही चकत्यांना पट्टाच नाही. पण चार कोपऱ्यांतले चार बटाटे चार तऱ्हेचे यायचे. एक सोन्यासारखा, एक चोथ्यासारखा. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते मला त्या आठवड्यात कळलं. मी चकत्या तळायचे आणि बघायची हिंमत होत नाही म्हणून मिस्त्रीला आधी बघायला लावायचे.

चकतीवाले ठरल्याप्रमाणे आले. गाड्या फाटकाबाहेर उभ्या राहिल्या. त्यांनी स्वतः खोलीत फिरून, खालच्या थरातून, मधून, वरून बटाटे काढले; मी दाखवेन तो एकही घेतला नाही. मशीनरूमच्या बाहेर टेबल मांडलं, कढई ठेवली, तेल तापवलं. मी टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होते. त्यांनी वर न बघता सांगितलं, की बाई, तुमच्या फेऱ्यांनी तेलाला वारा लागतोय. धाकटा भिंतीला टेकून उभा होता. त्याचा चेहरा माझ्याहून पांढरा पडला होता.

पहिला घाणा निघाला. त्यांनी चकत्या पांढऱ्या कागदावर पसरल्या. फिकट. दुसरा घाणा, फिकट, दोन-तीन चकत्यांना कडेला जराशी झाक. तिसरा. त्यांनी बराच वेळ तक्त्याशी रंग ताडून बघितला. एक चकती कुडुमकन खाल्ली, चावली, आणि फाटकाकडे बघून हात वर केला. गाड्या आत येऊ लागल्या.

मला हसू आलं की रडू ते आठवत नाही, पण मी मिस्त्रीच्या पाठीत जोराचा धपाटा घातला हे तो अजून सांगतो. चकतीवाल्यांनी हात पुसत सहज विचारलं, की आता तुमच्या वडिलांना तरी माफ करणार की नाही? जुनी माणसं, सवयीने हात गेला असेल. मी म्हणाले, बघू, सुधारले तर बघू असं म्हटलं होतं, तेव्हा आता बघावं लागेल. मी चेष्टेत म्हणाले. मजेत होते मी.

"ताई," धाकटा म्हणाला, "बाबांनी नाही केलं. मी केलं."

धोका टळला की खरं बोलायला माणसाला कसा जोर येतो बघा. त्याने सगळं सांगितलं, खाली बघत. मी हॉस्पिटलात असताना एका दुपारी तो आला, दाराजवळच्या क्रेटमध्ये कोंब दिसले आणि घाबरला. मशीनरूममध्ये जाऊन त्याने काटा चारावर आणला. बाबा पळत आले, म्हणाले, हे काय करतोस, गोड होईल सगळं. तर याने सांगितलं, ताईनेच सांगितलंय, तिचं कारखान्याशी बोलणं झालंय. खोटं. बाबांचा वाद नको म्हणून ठोकून दिलेलं. उद्या परत वर करू असं त्याच्या मनात होतं. पण उद्या शेतावर पाण्याची मोटर बिघडली, परवा आणखी काही, आणि बटाटे दिसायला छानच दिसत होते.

"मग त्या दिवशी अंगणात तोंडात मूग भरले होते का?" मी विचारलं.

"बोलणारच होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं." तो पुन्हा चपलेने माती उकरू लागला. "नंतर म्हणाले, माझ्यावर रागावेल आणि विसरेल ती. तुझ्यावर रागावली तर तुमचं पुन्हा बंद होईल सगळं."

माझा हात उचलला गेला होता, हे मी लपवत नाही. चकतीवाले तेल थंड होतंय का ते फार बारकाईने बघू लागले. पण मारून काय उपयोग. धाकट्याला मी नंतर काय बोलायचं ते बोलले, आणि तेही पोटभर बोलले, पण त्या क्षणी मला एकच सुचलं. कागदावरच्या चकत्यांची मूठ भरली आणि आवार ओलांडून घराकडे पळाले.

बाबा ओट्यावर नव्हते. आत टेबलाशी बसून लेकीची औषधं वेळेप्रमाणे लावत होते. मी चकत्या त्यांच्यासमोर ठेवल्या. त्यांनी आधी रंग बघितला, उजेडाकडे धरून, मग सावलीत धरून. मग एक खाल्ली.

"उतरली गोडी," ते म्हणाले.

मला कळलंय, मी सांगितलं, धाकट्याने सगळं सांगितलं. त्यांना आनंद झाल्यासारखा दिसला नाही, हायसं वाटल्यासारखंही दिसलं नाही. त्यांनी विचारलं ते एवढंच, की तू त्याला फार बोलली नाहीस ना. मी त्यांच्या खुर्चीशी गुडघ्यांवर बसले. मी इतकी चिडले होते, माझ्यावरच, की माझा आवाज चढलेलाच होता. मी विचारलं, त्याने सांगितलं आणि तुम्ही ऐकलंत? तुम्हाला माहीत होतं, मी असं कधी सांगणार नाही. एक फोन करायचा होता मला.

"तू नको म्हणाली होतीस," बाबा म्हणाले. "आणि उजव्या खोलीत पडू नका असंही."

त्यांनी ते टोमणा म्हणून म्हटलं नाही. औषधाचा डोस सांगावा तसं सांगितलं. मी म्हणाले, मी मूर्ख आहे, मी हजार गोष्टी बोलते, त्यातली एकही मनावर घ्यायची नसते हे या घरात सगळ्यांना माहीत आहे. बाबा हसले. ते हसले म्हणून मला वाटलं, झालं, संपलं, सगळं जागेवर आलं. मी त्यांचा हात धरून उठवलं, बूट शोधून आणले, स्वतः पायात घातले. चला, गाड्या भरताहेत, तुम्ही नाही तर कोण बघणार. ते निमूटपणे माझ्याबरोबर आले.

आवारात हमालांनी त्यांना बघून हात वर केले, त्यांनीही केला. चकतीवाल्यांनी पुढे येऊन दोन शब्द विचारले, त्यांना त्यांनी नीट उत्तरं दिली. मिस्त्री मशीनरूममधून ओरडला, बाबा, या, तुमच्यावाचून करमत नव्हतं. मी पुढे होऊन आत गेले. मागे वळून बघितलं तर ते बाहेरच थांबले होते. बुटाची टोकं उंबऱ्याला लागलेली, आणि ते माझ्याकडे बघत होते.

"आत आलो तर चालेल?"

मिस्त्रीने तोंड फिरवून पाना उचलला. मी बाहेर जाऊन त्यांचा हात धरला आणि त्यांना आत घेतलं. ते आले, आणि हात पाठीमागे बांधून, कशालाही धक्का लागणार नाही अशा बेताने मध्ये उभे राहिले.

उजव्या खोलीचा मोठा पंखा चालू होता. त्यांनी एकदम मान तिरकी केली. त्यांना काहीतरी ऐकू आलं होतं. मला ओळखता येतं ते, लहानपणापासून. त्यांनी पंख्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि नजर खाली घेतली.

"काय झालं, बाबा?" मी विचारलं. "आवाज येतोय का काही?"

"नाही," बाबा म्हणाले. "काही नाही."